भोकातल्या पेशी

पीएचडी संपवून मी जबलपूरला घरी येऊन बसलो. ‘बसलो’ हा बाबांचा शब्द. माझ्या मते मी पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची, जागा शोधत होतो. जवळच्या पनागरहून भाजी आणणाऱ्या भैयाला आई अभिमानानं सांगायची, “लड़का विदेश जा रहा है,” आणि तो दर आठवड्याला विचारायचा, “कब?”

शेवटी एका परदेशी प्रयोगशाळेनं ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं. माझं काम म्हणजे कर्करोगाच्या गाठीचा पातळ काप घेऊन त्यात कुठली पेशी कुठे राहते याचा नकाशा काढणं. गाठीच्या एका काठावर रोगाशी झुंजणाऱ्या लढाऊ पेशी गर्दी करून उभ्या असतात, हा माझा शोध. त्याच चित्राच्या जोरावर मी अर्ज केला होता.

मुलाखतीच्या दोन तास आधी बाबांना समोर बसवून तालीम केली. बाबा निवृत्त होईपर्यंत संरक्षण खात्याच्या कारखान्यात माल तपासायचे. ते पडद्याजवळ सरकले.

“हे ठिपके म्हणजे पेशी नं?”

“हो.”

“अन् हे पांढरं भोक?”

“तिथं काप फाटलाय. तिथं काहीच नाही.”

“मग भोकात पेशी काहून बसून राहिल्या?”

मी हसलो. मग पाहिलं, आणि हसू तसंच तोंडावर राहिलं.

फोटोत जागा वरून खाली मोजतात, माझ्या आलेखात खालून वर. म्हणून ठिपके फोटोवर ठेवण्याआधी वरचे खाली करून घ्यायचे असतात. नवशिक्यांना हे पहिल्याच आठवड्यात सांगतात. दोघांना तर मीच सांगितलं होतं, तेही जरा खेकसून. स्वतः मात्र विसरलो होतो. आता ठिपके उलटवले. भोक रिकामं झालं आणि काठावरची गर्दीही पांगली. शोध संपला.

बाबा म्हणाले, “चलो, वेळेवर सापडलं. सांगून टाक त्यांना.”

मी मान डोलावली आणि ते चित्रच भाषणातून काढून टाकलं. मुलाखतीत उरलेल्या चित्रांवर मी इतका रंगून बोललो की मलाच माझं कौतुक वाटलं. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी विचारलं, “आणि ते काठावरचं चित्र? आम्ही तुम्हाला त्यासाठीच बोलावलं.”

तेव्हा सांगितलं. सगळं, बाबांसकट. त्या हसल्या, म्हणून मीही हसलो; जरा जास्तच.

“आम्ही विचारलं नसतं तर सांगितलं असतं?”

“नक्कीच,” मी त्यांचं वाक्य संपायच्या आत म्हणालो. पुढे कोणी काही विचारलं नाही.

आठवड्यानं नकार आला. दोन ओळींचा, अगदी सभ्य. बाबा बराच वेळ पेपर उघडून बसले होते, पान काही उलटत नव्हतं.

“त्या भोकाचं सांगितलं म्हणून नाही म्हणाले का रे? मीच उगीच बोललो.”

त्यांनी विचारण्याआधी मी सांगितलं नाही म्हणून नाही म्हणाले असतील, हे मला म्हणायचं होतं. पण तसं म्हणायचं तर चित्र लपवल्याचं आधी सांगावं लागलं असतं.

“तसं काही नाही बाबा. जागा एकच होती,” मी म्हणालो.

“अच्छा,” ते म्हणाले. त्यांना ते पटलं नव्हतं. चूक आपलीच, असं धरून ते उठले आणि चपला घालून बाहेर पडले. मी त्यांना थांबवलं नाही.