नकाशाच्या मागचं मत

आदरणीय सुखदेव बोदडे गुरुजी वयाची साठ वर्षे पूर्ण करत आहेत आणि त्यानिमित्त आम्ही माजी विद्यार्थी स्मरणिका काढत आहोत, असा निरोप मला इथे गुजरातेत, मोरबीच्या टाइल कारखान्यात मिळाला. निरोप देणारा वर्गमित्र म्हणाला, "तू पण लिही बे दोन शब्द." मी म्हटलं, "मी नववी नापास. मी काय लिहू?" तर म्हणे, "चांगलं लिहाले बाकीचे आहेत. तू खरं लिही." बोलायला सोपं आहे. तीन रविवार झाले, वहीची पानं फाडून राह्यलो.

गुरुजींची आणि माझी पहिली ओळख माझं मत बाद होण्यापासून झाली. गुरुजी मूळचे मेहकरकडचे. बदली होऊन ते सोनाळ्याजवळच्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेवर आले, तेव्हा मी सातवीत होतो. नागरिकशास्त्राचा तास म्हणजे झोपायचा तास, असं आमचं ठरलेलं होतं. गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात बाकांच्या रांगांचे मतदारसंघ केले, उमेदवार उभे केले आणि भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा काढून कोपऱ्यात आडवा टांगला. त्या नकाशाच्या मागे एकेकानं जायचं, चिठ्ठीवर खूण करायची आणि गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मी खूण केली आणि बाहेर येताना चिठ्ठी उघडून मित्राला दाखवली. गुरुजींनी ती हातातून घेतली आणि खिशात घातली.

"काऊन गुरुजी? मी तं बरोबर खूण केली."

"बरोबर केली, पण दाखवली. दाखवलेलं मत बाद. मत तुझं आहे मंगेश, पण ते उघडं करायचा हक्क तुलाही नाही."

त्या दिवशी वर्ग मला हसला. मी घरी जाऊन जेवलो नाही.

विधानसभा कशी असते हे गुरुजींनी आम्हाला तुरीच्या दाण्यांवर शिकवलं. एका बाटलीत दोनशे अठ्ठ्याऐंशी दाणे. प्रत्येक दाणा एका मतदारसंघातून लोकांनी निवडून दिलेला आमदार. एकशे पंचेचाळीस दाणे एका बाजूला आले की सरकार, आणि त्यातले चारदोन इकडचे तिकडे घरंगळले की सरकार गेलं. दर तासाला आम्ही दाणे मोजून घ्यायचो. एकदा एक कमी भरला. कोणी तरी म्हणालं, "गुरुजी, एक आमदार उंदरानं खाल्ला." गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "जागा रिकामी झाली. आता काय करायचं?" मग त्यांनीच सांगितलं, पोटनिवडणूक. दुसऱ्या दिवशी एक पोरगी घरून नवा दाणा घेऊन आली, तेव्हाच पुढचा धडा सुरू झाला.

विधानपरिषदेची बाटली वेगळी, तिच्यात अठ्ठ्याहत्तर हरभरे. हे सभागृह विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी त्यातले काही निवृत्त होतात आणि नवे येतात, हे ते एका हातानं हरभरे काढून आणि दुसऱ्या हातानं टाकून दाखवत. काही जणांना आमदार निवडतात, काहींना जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांचे सदस्य, काहींना शिक्षक, काहींना पदवीधर, आणि काहींना राज्यपाल नेमतात. मी विचारलं होतं, "मंग आमच्या मायचं मत तिथं नाही का चालत?" गुरुजी म्हणाले, "थेट नाही चालत. तुझ्या मायनं आमदार निवडायचा, आमदार तिथला निवडणार." घरी जाऊन सांगितलं तर माय म्हणाली, "म्हणजे तिथंही मले कोणी विचारत नाही." हे मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी हरभऱ्यांची बाटली बंद केली आणि त्या दिवशी पुढं काही शिकवलं नाही.

गुरुजींच्या सचोटीविषयी या स्मरणिकेत पुष्कळांनी लिहिलं असेल. मी एकच प्रसंग सांगतो. त्याच वर्षी पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली. गुरुजींनी नोकरी करता करता बी.ए. केलेलं, त्यामुळे त्यांचं मत होतं. ते संग्रामपूरला जाऊन मत टाकून आले. दुसऱ्या दिवशी वर्गात आले ते नेहमीसारखे नव्हते. फळ्यावर एका बाजूला १ चा आकडा लिहिला, दुसऱ्या बाजूला आपण पेपर तपासताना करतो तशी बरोबरची खूण केली. म्हणाले, "या निवडणुकीत पसंतीचा आकडा घालायचा असतो. खूण केली की मत बाद. काल मी खूण केली. पंचवीस वर्षं वह्या तपासल्या, हात आपोआप तसाच फिरला. बाहेर आल्यावर ध्यानात आलं."

मागून एक जण म्हणाला, "कोणाले केली गुरुजी?"

"ते सांगायचं नसतं. बाद झालं तरी गुप्तच."

त्यांना हे कोणाला सांगायची गरज नव्हती. डब्यात पडलेली चिठ्ठी कोणाची, हे कोणालाच कळत नाही. तरी त्यांनी आमच्यासमोर सांगितलं, कारण आदल्या आठवड्यात त्यांनीच आम्हाला तो नियम शिकवला होता.

नववी नापास झाल्यावर मी गाव सोडलं. पुण्याला हॉटेलात, मग नाशिकला, मग इथे. कुठंच सहा महिन्यांच्या वर मन लागलं नाही. अठरा पूर्ण झाले तेव्हा मी गावाकडे आलो होतो. गुरुजी मतदार यादीचं काम बघायचे. ते स्वतः आमच्या घरी आले, माझा फॉर्म ओट्यावर बसून भरला, फोटो चिकटवला आणि मायला म्हणाले, "याचं एक बाद मत माझ्या खिशात राहून गेलं. आता खरं टाकू द्या." माझ्यासारख्या टाकून दिलेल्या पोराची इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांनी मनात ठेवली होती. त्यांच्या प्रेमळपणाविषयी मला याहून जास्त लिहिता येत नाही.

मागची विधानसभा निवडणूक ही गुरुजींच्या नोकरीतली शेवटची. त्याच महिन्याअखेर ते निवृत्त होणार होते. मला त्यांचा फोन आला, "येतोस ना?" मी म्हटलं, "हो गुरुजी, येतो." आदल्या दिवशी पुन्हा फोन केला आणि सांगितलं, गाडीत बसलो. मतदानाच्या दिवशी गुरुजी शाळेबाहेर यादी घेऊन बसले होते. मी आलो नाही. माय नंतर सांगत होती, "सहा वाजेपर्यंत मास्तर तुह्या नावाची चिठ्ठी हातात घेऊन बसले होते बापा. मी म्हटलं येईल तो, गाडी लेट असन. मंग दरवाजा लावला त्याइनं."

मी गुरुजींना सांगितलं की साहेबांनी ऐनवेळी सुट्टी रद्द केली, वाटेतून परत बोलावलं. ते म्हणाले, "असू दे. परराज्यात तसंच असतं." त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही.

सुट्टी रद्द झाली नव्हती. मी सुरतेला उतरलो. तिथल्या मित्रानं दुसरं काम पाहून ठेवलं होतं. तो म्हणाला, "एका मतानं काय होऊन राह्यलं बे? दोन दिवस थांब, काम पाहून घे." मी थांबलो. ते काम काही जमलं नाही, परत मोरबीलाच आलो. गाडी मात्र आमच्या शेगाव स्टेशनात वेळेवर पोचली होती. मी मुद्दाम मोबाइलवर पाहिलं होतं.

आता गुरुजींच्या डोळ्यांत काचबिंदू आहे आणि तो उशिरा कळला. उजेड आणि माणसाचा आकार, एवढंच दिसतं. आमची शाळाही आता बंद होते की काय, अशी चर्चा चालली आहे. मागच्या महिन्यात मी त्यांना फोन केला तर म्हणाले, "ज्याला दिसत नाही त्याला मत टाकताना एक सोबती नेता येतो. सोबत्यानं बटण दाबायचं आणि कोणाला दाबलं ते कोणाला सांगायचं नाही, तसं लिहून द्यावं लागतं. आजवर माझं मत घरात तुझ्या काकूलाही माहीत नाही. पुढच्या विधानसभेला तू येशील का?"

मी म्हटलं, "गुरुजी, गावात एवढी पोरं आहेत."

"आहेत. पण नकाशाच्या मागं एकदा चुकलेला माणूस पुन्हा चिठ्ठी उघडत नाही."

माझ्या तोंडून हो निघालं नाही. एकदा हो म्हणून झालं आहे.

गुरुजींनी मला निवडलं ते सुट्टी रद्द झाली असं समजून. म्हणून सुरतेची गोष्ट इथे लिहिली. चूक झाली की ती वर्गासमोर सांगायची, हे मी त्यांच्याकडूनच पाहिलं आहे. ही स्मरणिका काकू त्यांना वाचून दाखवतील. काकू, एवढा भाग गाळू नका. ऐकून झाल्यावर गुरुजींनी सोबती पुन्हा निवडावा. दुसऱ्या कोणाला निवडलं तरी त्या दिवशी मी शाळेसमोर असेन, माझं स्वतःचं मत टाकायला. हे मी फोनवर बोललो नाही, लिहून दिलं आहे.

गुरुजींना खूप आयुष्य मिळो. प्रकृती साथ देवो, आणि डोळ्यांत आहे तेवढा उजेड तरी टिकून राहो. पुढच्या कितीही निवडणुका येवोत, बोट कोणाचंही असो, मत गुरुजींचंच पडो.