ताईच्या अर्जाचं वजन

वेलांटीराव हे नाव त्यांना छापखान्याने दिलं. खरं नाव पगारपत्रकात असेल, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नाही. एकदा छपाई ऐन भरात असताना हे गृहस्थ मशीनपाशी धावत गेले, कागद ओढून काढला आणि ओरडले, "थांबवा! दुसऱ्या ओळीतली वेलांटी अक्षराला टेकत नाहीये!" मशीन थांबलं. मालकाने कपाळावर हात मारून घेतला. गिऱ्हाइकाला भिंग लावूनही ती फट सापडेना, तेव्हा "असेल बुवा" म्हणून ते बाहेर जाऊन बसलं.

कॉम्प्युटरवर पानं लावणं हे त्यांचं काम, आणि फॉन्ट गोळा करणं हे व्यसन. लोक गावं फिरतात, हे फॉन्ट बदलतात. तरुणपणी एका मुलीने त्यांना मोठ्या धीराने प्रेमपत्र टाइप करून पाठवलं होतं. यांनी उलट टपाली ओळींमधलं अंतर जरा वाढवायला सुचवलं. तिने सूचना मनावर घेतली आणि अंतर कायमचं वाढवलं.

त्यामुळे घरात दोघंच, वेलांटीराव आणि त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले आणि ताईने शिवणाच्या मशीनवर धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलं. पुढे ती शिवणवर्गात शिकवायला लागली, तीही कंत्राटावर. दरवर्षी कंत्राट संपायच्या सुमारास ती उगाचच घरातली भांडी घासत बसायची. या वर्षी मात्र कायमची जागा निघाली. वयाच्या अटीत ताई जेमतेम बसत होती, म्हणजे पुन्हा अशी संधी येणार नव्हती.

ताईने अर्ज हाताने लिहून काढला. कुठे शिकली, कुठे शिकवलं, कोणत्या वस्तीत जाऊन वर्ग चालवले, सगळं सरळ साध्या भाषेत.

"ऑनलाइन भरायचाय म्हणे," ती म्हणाली. "एक एमबीच्या आत हवा. तुला जमेल ना रे?"

"ताई, मला?" वेलांटीराव असे हसले की जणू माशाला पोहता येतं का विचारलं.

मग सुरू झाला सोहळा. मथळ्याला एक फॉन्ट, नावाला दुसरा, मजकुराला तिसरा. मजकुराच्या फॉन्टमधला पाच त्यांना लंगडा वाटे, म्हणून आकड्यांना चौथा. कोपऱ्यातल्या एका इवल्याशा फुलासाठी आणखी एक, त्यात शेकडो फुलं होती. पीडीएफ करताना हे सगळे फॉन्ट फाइलच्या पोटात घालावे लागतात, नाहीतर पलीकडच्या कॉम्प्युटरला अक्षरं काढता येत नाहीत. त्यातही वापरलेली तेवढीच अक्षरं बरोबर द्यायची सोय असते. ती वेलांटीरावांना ठाऊक होती, पण त्यांच्या तत्त्वात बसत नव्हती. "फॉन्ट द्यायचा तर अख्खा द्यायचा. अक्षरं तोडून देणं म्हणजे घर फोडणं!" असं ते छापखान्यात सांगत. दोन दिवसांच्या मुक्कामाला अख्खं कपाट डोक्यावर घेऊन निघावं, तसा ताईचा दोन पानी अर्ज निघाला.

शेवटच्या दिवशी दुपारी दोघं कॉम्प्युटरपुढे बसली. ताई वर्गावरून तशीच आली होती, गळ्यात अजून टेप होती. वेलांटीरावांनी ऐटीत बटण दाबलं. 'फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे.'

"वेबसाइटला अक्कल नाही," वेलांटीराव म्हणाले.

फाइल सात एमबी होती. काहीतरी कमी करणं भाग होतं. त्यांनी पहिली कुऱ्हाड चालवली ती ताईच्या फोटोवर. फोटो इतका लहान केला की ताईच्या चेहऱ्याचे चार चौकोन उरले. फाइल हूं की चूं करेना. त्यांनी फोटोच काढून टाकला. तरी तेच. मग ते अनुभवाकडे वळले. "वस्त्यांमधले वर्ग जरा लांबण वाटतंय," असं पुटपुटत एक परिच्छेद उडवला, मग दुसरा. बहिणीचं निम्मं आयुष्य वजा झालं, फाइल जागची हलली नाही.

ताई आपली पाहत होती. शेवटी तिने विचारलं, "एवढं जड आहे तरी काय रे त्यात?"

"अक्षरं," वेलांटीराव म्हणाले.

"माझी?"

"नाही," ते कसेबसे म्हणाले. "माझी."

घड्याळ पळत होतं. वेलांटीरावांनी फॉन्ट सरसकट बाहेर काढले. फाइल एकदम हलकी झाली, पण ताईच्या मोबाइलवर उघडून पाहिली तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि टिंबाटोप्यांची खिचडी! छापखान्यातले फॉन्ट जुन्या वळणाचे, आतून इंग्रजी कळांवर मराठीचा मुखवटा. मुखवटा काढला आणि ताईचं नाव देवालाही वाचता येईना.

"हे माझं नाव?" ताई म्हणाली. "बारशाला कुठे होतास रे तू?"

आता तत्त्वाला तिलांजली देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी दातओठ खात, वापरलेलीच अक्षरं पाठवायच्या पर्यायावर खूण केली. फाइल अर्ध्या एमबीच्याही आत आली. फोटोची रिकामी चौकट डोळ्यांत खुपत होती, तिथे त्यांनी ताईचा चेहरा पुन्हा बसवला. दुसऱ्या पानावर छान मोकळी जागा दिसत होती. पानाला कसा श्वास मिळालाय, असं त्यांना वाटलं, आणि त्या श्वासाचं त्यांनी मनापासून कौतुक केलं.

"सगळं आहे ना रे?" ताईने विचारलं.

"सगळं," वेलांटीराव म्हणाले आणि बटण दाबलं. अर्ज गेला. ताईने दोघांसाठी चहा टाकला आणि त्या दिवशी तिने भांडी घासली नाहीत.

उत्तर आलं तेव्हा ती वर्गाला निघाली होती. 'अर्जात आवश्यक तेवढा अनुभव नमूद नाही, सबब अपात्र.' तिने ते दोनदा वाचलं.

"असं कसं? मी तर सगळं लिहिलं होतं."

वेलांटीरावांनी पाठवलेली फाइल उघडली आणि ती मोकळी जागा पाहिली. ज्या बाईने स्वतःचे डोळे अधू करून त्यांना शिकवलं, तिची वर्षं त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती, आणि परत लिहायचं त्यांना सुचलंही नव्हतं. त्यांनी ते सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

ताईने पडद्यावरच्या त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"एवढी जड होती का रे माझी वर्षं?"

"नाही ग ताई," वेलांटीराव म्हणाले. "त्यांना काहीच वजन नव्हतं."

ताईने मान हलवली, पिशवी उचलली आणि ती वर्गाला गेली.