तांडेलाचा होका

रत्नागिरीच्या बंदरात आगबोटीतून होडीत उतरलो, तेव्हा रात्रभराच्या उलट्यांनी मी पार पिळून निघालो होतो. मे महिन्याची सुट्टी, पायांत नवे जोडे आणि वेळणेश्वरचे देऊळ पाहायचा हट्ट, एवढ्या भांडवलावर हा पुणेरी मास्तर घराबाहेर पडला होता. मालगुंडपर्यंत जोडे चावले, पुढे सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) ऊन चावले. संध्याकाळी जयगडच्या अलीकडे एका घराच्या खळ्यात (अंगणात) टेकलो तो उठवेनाच.

घर गोविंद तांडेलाचे. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. एकटाच होता, बायकोला माहेरी धाडले होते. त्याने मला पेज आणि भाजलेला बांगडा वाढला, स्वतः घास घेतला नाही.

"तुम्ही?"

"भूक नाय आताशा. झोप पन नाय."

दिवाळीत खाडीच्या तोंडाशी त्याचे गलबत उलटले आणि धाकटा भाऊ गेला. "सुकाणू माज्या हातात व्हता, मास्तर. मी असून कुनाचा काय भला नाय."

होणारे चुकत नाही, असे दोन शब्द सांगून मी घोरू लागलो. सकाळी मात्र त्याचा चेहरा अगदी शांत होता. निघताना त्याने फडक्यात गुंडाळलेला पितळी होका (होकायंत्र) माझ्या हातात ठेवला.

"ठेवा तुमाला. मला आता कशाला?"

माणूस विरक्त झालेला दिसतो, असे मनात म्हणून मी होका पिशवीत टाकला. मला आनंदच झाला होता.

खाडीवर धाकू तरवाल्याच्या होडीत बसलो. लोकांना पलीकडे पोचवणे हा त्याचा धंदा. मी मोठ्या तोऱ्यात त्याला होका दाखवला. त्याचे वल्हे थांबले.

"तांडेलान होका दिलान? बायको खय हाय त्याची?"

"माहेरी. शेळीसुद्धा शेजाऱ्याला देऊन टाकली म्हणाला."

धाकूने भर खाडीत होडी वळवली. उतारू ओरडले. मीही ओरडलो, "अहो, माझं देऊळ!"

"देऊळ हलत नाय. चला तुमी पन."

वाटेत त्याच्या मनातली भीती कळली. म्हटले, "सरळ विचारू नका. नको ते डोक्यात येईल."

"डोक्यात हायच. इचारला की तोंडात येल."

तांडेल ओटीवर बसला होता. धाकू त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"गोंद्या, जीव द्यायचा मनात हाय काय?"

तांडेलाने होकारार्थी मान हलवली आणि लहान पोरासारखा रडू लागला. धाकूने त्याला गप्प केले नाही, उपदेश केला नाही. "सांग" एवढेच म्हणाला. तो दुपारपर्यंत सांगत होता. माझ्या रात्रीच्या दोन शब्दांची मला लाज वाटली.

मग धाकूने बायकोला आणायला माणूस धाडला, शेजाऱ्यांना बोलावले. तांडेलाला एकटे ठेवायचे नाही, असे ठरले. पाळी मलाही लागली. पाच दिवस मी त्या ओटीवर काढले. एक दिवस तो जेवे, दुसऱ्या दिवशी ताट सारी. खोटे कशाला बोलू, मी कंटाळलो होतो, थकलो होतो. पळून जावे असे रोज वाटे.

पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट चुकवून चालणार नव्हते. होका धाकूकडे दिला. "त्यानं मागितला की द्या."

"आनि मागलान नाय तर?" असे मी विचारायच्या आधी तोच म्हणाला, आणि उत्तरही त्यानेच दिले, "तर मी हाय."

पुण्यात सारा पावसाळा पोस्टमन दिसला की छातीत धस्स होई. नारळी पौर्णिमेनंतर, गलबते पुन्हा पाण्यात गेल्यावर, तिथल्या शाळामास्तराकडून लिहवलेले धाकूचे कार्ड आले. 'तांडेल काल होका मागून घेऊन गेला. काटा अडकतो आहे. पुणेकराने तो पाडला, असे म्हणून तुम्हास फार शिव्या देतो. अजून कधी कधी जेवत नाही. तेव्हा आम्ही जाऊन बसतो.'

त्या सकाळी खाडीकडे जाताना होका मी सड्यावर पाडला होता खरा. वेळणेश्वर पाहिलेत का, असे लोक विचारतात. नाही पाहिले. त्या शिव्यांचे कार्ड मात्र मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवू लागलो, पण मला शेवटपर्यंत वाचवेना. उरलेले तिनेच वाचले.