भिंत कुठे हलतेय?

लंडनमधल्या एका जुन्या हवेलीच्या संग्रहालयात अरबी महालासारखा काळोखा दिवाणखाना आहे. तिथे फ्लॅश आणि ट्रायपॉडला बंदी. अंधारामुळे कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागे, आणि तेवढ्यात हात हलायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि शेवटच्या प्रोजेक्टचा फोटो काही जमेना.

"अरे देवा, परत हलला!"

कोपऱ्यात राखणीला बसलेल्या व्हॉलंटियर बाई चक्क मराठीत म्हणाल्या, "अगं, मी तीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढले. पेशंटला सांगायचे, श्वास रोखा. इथं भिंत कुठे हलतेय? तूच रोख."

खांबाला टेकून मी श्वास रोखला, बटण दाबलं. सोनेरी घुमट, निळ्या टाइल्स, सगळं लख्ख उमटलं.

"काकू, जमलं! आता कॉलेजात दाखवते."

त्यांनी सवयीनं कॅमेरा एक्स-रेसारखा उजेडाकडे धरला.

"कॉलेजचं कॉलेज बघेल. माझ्याकडून पास!"