गुरुवारची पूड

कारल्यात काही नाही, असं मी कधीच म्हटलेलं नाही. हे आधीच सांगते, कारण मी तेच म्हणते असं आमच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. कारल्यात, मेथीत, जांभळाच्या बियांत काही द्रव्यं आहेत आणि त्यांचा रक्तातल्या साखरेवर परिणाम होत असावा. त्यावर अभ्यास झालेत. काही आशा वाटावी असे, काही अगदीच थोड्या माणसांवर केलेले. मला हे माहीत आहे, कारण वाचायचं काम माझ्याकडे आहे. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून फॅमिली ग्रुपवर आलेली प्रत्येक इंग्रजी बातमी आई माझ्यापुढे धरते आणि एका वाक्यात सांग म्हणते. मी दुसरं वाक्य सुरू केलं की फोन काढून घेते.

पूड माझी मोठी मावशी करते. ती डोंबिवलीला मानपाड्यात राहते, आम्ही ठाण्यात वर्तकनगरला. जांभळाच्या बिया, कारल्याच्या चकत्या आणि मेथी ती बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घालते. पलीकडे कारखाने आहेत. वारा फिरला की घसा खवखवतो. पण मावशीच्या हिशेबी पूड शुद्ध आणि आईच्या डायबेटिसच्या गोळ्या म्हणजे केमिकल. आई दोन्ही घ्यायची. डॉक्टरांनी दिलेली गोळी जेवणाआधी, पूड पाण्यातून, आठवेल तेव्हा. डॉक्टरांना सांग, असं मी म्हटलं की तिचं उत्तर तयार असायचं.

"ते काय औषध आहे?"

या वाक्याने माझं डोकं फिरतं. साखर उतरते म्हणून पूड घ्यायची. मग उतरत असेल तर गोळीबरोबर घेताना विचारायला हवं, असं म्हटलं की तीच पूड लगेच साधी भाजी होते. मी वाद घालत नाही. मला चारचौघांत बोलताच येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांच्या सोयीचंही आहे.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी मावशीकडे उद्यापन होतं. संध्याकाळी पूजा, सवाष्णींना हळदीकुंकू, मग जेवण. आईचा उपास कडक असतो, दिवसभर फक्त बिनसाखरेचा चहा. आम्ही दुपारी कॅबने निघालो आणि शीळफाट्याच्या अलीकडे अडकलो. ट्रेलर, डंपर, खोदलेला रस्ता. आई गप्प होती, मग कारण नसताना ड्रायव्हरवर चिडली. ती कधीच ड्रायव्हरवर चिडत नाही. मी विचारलं तेव्हा सहज सांगावं तसं तिने सांगितलं की संध्याकाळी पुरणपोळी, खीर, सगळंच खायचंय, म्हणून पूड सकाळीच दुप्पट घेऊन ठेवली आहे.

"आणि गोळी?"

"घेतली की. ती रोजचीच आहे."

म्हणजे गोळी पोटात, पूड पोटात, आणि ज्या जेवणासाठी हे सगळं, ते सूर्य मावळल्यावर. मी पर्समधून केळं काढलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चपला घालून देवघरात शिरले होते.

"उपास काय हायवेवर सोडू?"

मावशीकडे पोचलो तेव्हा बायका खोळंबल्या होत्या. लगेच आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला आईची टाळी चुकायला लागली. डिसेंबर असून तिचं कपाळ घामाने डबडबलं, हात थरथरू लागले. मी हाक मारली तर तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, त्याला शब्द नव्हते. मी पुढे झाले, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

"थांब गं. हात लावू नकोस. अंगात येतंय."

आरतीचा आवाज वाढला. कुणीतरी आईच्या कपाळावर आणखी कुंकू लावलं. एक बाई चक्क तिच्या पाया पडली. पदवीधर बायका होत्या या. एक तर बँकेत अधिकारी. आणि माझी आई त्यांच्या मध्ये डोलत होती, तिचे डोळे कुठेच बघत नव्हते.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. मावशी म्हणते, इंग्रजीत ओरडले. काकूंचा हात झटकून मी देवीपुढची पंचामृताची वाटी उचलली, आईला खाली बसवलं आणि वाटी तिच्या तोंडाला लावली. ती गिळत होती. नैवेद्य अजून दाखवायचा होता. आरती थांबली. पंचामृत तिच्या हनुवटीवरून पैठणीवर सांडत होतं. मग मावशी बोलली.

"कॉन्व्हेंटात घातलीस ना, आता भोग. देवीच्या आधी उष्टं केलं कार्टीने."

हे तिने आईला सांगितलं. आईला, जिला तेव्हा स्वतःचं नाव सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने आईला सगळं कळायला लागलं. तिने आधी आपली पैठणी पाहिली, मग रिकामी वाटी, मग बहिणीचा चेहरा. आणि ती मावशीची माफी मागायला लागली. निघताना मावशीने प्रत्येक सवाष्णीला ओटीत पुडीचं एकेक पाकीट दिलं. आईलाही. आईने ते कपाळाला लावून पर्समध्ये ठेवलं. मी आजवर इतकी कुणावर चिडले नव्हते, आणि नेमकं कुणावर, हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. बाहेर ही गर्दी. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत विचारत होते. चक्कर कधी आली, घाम आला का. मग आणखी काही घेता का, असंही त्याच सुरात विचारलं. आई म्हणाली, नाही.

मी तिच्या मांडीवरची पर्स उघडली, पाकीट टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. पूड, दुप्पट, गोळी, चहा, शीळफाटा. डॉक्टरांनी पाकीट उचलूनही पाहिलं नाही. म्हणाले, ही गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एवढी पडायला तीच पुरे, पुडीने किती भर घातली ते सांगता येणार नाही, पूड बंद, उपासही बंद. पुढचा पेशंट आत येतच होता.

जिन्यात आई थांबली. कालपासून ती माझ्याशी बोललेली नव्हती.

"पूड नाही घेत," ती म्हणाली. "उपास मी सोडणार नाही."

मी एक पायरी खाली उतरले. बोलले असते तर जिन्यातच भांडण झालं असतं.

"त्यांना माहीत असायला नको, बाया उपास करतात ते? बंद म्हणे. मग उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते नको सांगायला?"

पहिल्यांदाच आम्ही दोघी एकाच माणसावर चिडलो होतो. ती वळून परत जिना चढायला लागली, कठड्याला धरून.

"चल," ती म्हणाली. "तू विचार. मला नाही नीट विचारता येत."