नवरदेवाचं ब्लेड

आमच्या गावचा न्हावी उस्ता शहाता बेसूर गातो, राजकारण उलटंसुलटं सांगतो, पण हात असा हलका की माणूस खुर्चीतच घोरायला लागतो. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि चहा ढोसणारे जास्त. त्यात मीही आलो.

गेल्या वर्षी सरकारी तपासणीत त्याच्या रक्तात काविळीचा 'सी' निघाला. यकृत पोखरणारा हा विषाणू नाईलच्या या मुलुखात घरोघरी, पण नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. शहाताने मात्र भर दुकानात सांगून टाकलं. गोळ्या घेऊन तो खडखडीत बरा झाला आणि तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावू लागला. डोळ्याला दिसत नाही एवढं रक्त ब्लेडवर राहिलं तरी रोग पसरतो, असं त्याला दवाखान्यात बजावलं होतं. लोकांना मात्र तो अपमान वाटे. मी काय खरजुला आहे, म्हणून भांडायला उठायचे.

खरा पेच पडला हाजी मितवल्लीच्या मुलाच्या लग्नात. मेंदीच्या दिवशी आमच्याकडे नवरदेवाची दाढी अंगणात होते आणि त्याच ब्लेडचा एकेक हात त्याच्या लग्नाळू मित्रांच्या गालावर फिरतो. त्याने त्यांचीही लग्नं लवकर जमतात म्हणे. पोरं गाल पुढे करून रांगेत उभी, ढोल जोरात, आणि शहाताने नवरदेवाचं ब्लेड मोडून डब्यात टाकलं.

ढोल थांबला. हाजी लालबुंद झाला. माझ्या दारात अपशकुन केलास, आता गावात तुझ्या खुर्चीत कोण बसतं ते बघतो, म्हणाला. हाजीचा शब्द इथे कोणी मोडत नाही. मला शहाताची कीवही आली आणि रागही आला; एक दिवस गप्प बसला असता तर याचं काय जात होतं?

शहाताने शांतपणे वस्तरा पुसला. "हाजी, तुझ्या लग्नात तुझं ब्लेड पहिल्यांदा कोणाच्या गालाला लागलं?"

"तुझ्याच. धक्काबुक्की करून पुढे घुसलास मेल्या."

"मग 'सी' तुझ्याकडून मला आला, की माझ्याकडून मागच्यांना गेला, की आणखी कुठून, अल्लाला ठाऊक. या पोरांना तरी तो हिशेब नको."

शेवटी नवरदेवच उठला. त्याने तळहातावर कोलोन ओतलं आणि पहिल्या मित्राच्या गालावर सणसणीत चापट ठेवून दिली. "घे, माझ्या हातचं. पुढचा नंबर तुझा." अंगणात हशा पिकला, ढोल पुन्हा घुमला. पोरं दुसरा गालही पुढे करू लागली.

लग्न उरकलं. मग एका सकाळी हाजी स्वतः दारोदार फिरला आणि त्याच्या लग्नात रांगेत उभे असलेल्या आम्हा सगळ्यांना गोळा करून रक्त तपासायला दवाखान्यात घेऊन गेला. कोणाला दात नाहीत, कोणाच्या हातात काठी. आम्ही भिंतीला टेकून एकमेकांची थट्टा करत होतो, पण आत जायला कोणी पुढे होईना.

पहिला हाजी बसला. बाही वर सारून नर्सला म्हणाला, "मुली, सुई नवी आहे ना? पाकीट माझ्यासमोर फोड."