शपथेचा तांब्या
तांब्याचं भांडं चिंचेने घासताना येणारा आंबूस वास नाकात गेला की मला दुर्गाघाटाच्या पायऱ्या आठवतात. नव्वदच्या दशकात आम्ही काशीतल्या मराठी लोकांनी एक बंधुमंडळ काढलं. जात विचारायची नाही, सगळ्यांनी एकाच तांब्याला तोंड लावून गंगाजल प्यायचं आणि एकमेकांना भाऊ म्हणायचं, असा शपथविधी ठरला. पहिल्याच दिवशी रेल्वेतल्या एका कारकुनाचं आडनाव ऐकून शपथ देणाऱ्या गुरुजींनी त्याला रांगेत शेवटी उभं केलं. तो प्यायला, सगळ्यांना भाऊ म्हणाला आणि निघाला. गुरुजी माझ्या कानाशी लागले, "तांब्या चांगला घासून आणा हो, उद्या पूजेला लागतो." मी चिंच घेऊन घाटावर बसलो. रामनगरच्या नावेची वाट बघत तो खालच्याच पायरीवर बसला होता, ते मला दिसलंच नव्हतं. बराच वेळ बघून तो म्हणाला, "नीट घासा, भाऊ." पुढच्या सभेला तो स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आला. माणूस समजूतदार आहे, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. मंडळाचा इतिहास पुढे मीच लिहिला. त्याच्या पहिल्याच पानावर आहे, आम्ही सगळे एकाच तांब्यातून प्यायलो.